वजन तेच, घडण निराळी

कोरोनाच्या काळात घरोघरी एक पांढरी प्लॅस्टिकची पट्टी येऊन गेली. नाकात फिरवलेला कापूस द्रावात घोळवायचा, तीन-चार थेंब पट्टीवर टाकायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचं. एक रेघ उमटली तर सुटलो, दोन उमटल्या तर मागच्या खोलीत मुक्काम. दिवस गेले आहेत का हे घरच्या घरी पाहण्याची जी पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, तीही याच जातीची. तिथं दोन रेघांचा अर्थ बहुधा पेढे.

त्या रेघेचा रंग आठवून पाहा. गुलाबी, किंवा थोडा जांभळट लाल. अशा बहुतेक पट्ट्यांमध्ये ती रेघ सोन्याची असते. सोनेरी नव्हे, खऱ्या सोन्याची. सोन्याचे अतिशय बारीक कण त्या जागी गोळा होतात आणि ते लाल दिसतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटायला वेळ लागला. माझी नोकरी बँकेतली, आणि तिच्यातली बरीच वर्षं तालुक्याच्या गावी सोनेतारणाच्या टेबलावर गेली. पाटल्या, बोरमाळा, वज्रटीक, मंगळसूत्राच्या वाट्या, सगळं डोळ्यांखालून गेलेलं. पिवळ्याच्या किती तऱ्हा असतात ते मला ठाऊक होतं. पण सोनं लाल असतं म्हटल्यावर ते तांब्याची भेसळ असलेलं असणार, एवढंच डोक्यात येई. निवृत्तीनंतर एका सराफ कुटुंबावर कादंबरी लिहायला घेतली आणि संदर्भासाठी सोन्याबद्दल वाचायला लागलो. कादंबरी यथावकाश पुरी झाली, वाचन काही संपलं नाही. त्यातूनच पुढच्या गोष्टी हाती लागल्या. पदार्थविज्ञान माझा विषय नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. पण हिशेब तपासण्याची सवय आहे, आणि या शास्त्रात हिशेब बराच आहे.

सोन्याच्या लाल रंगाचा नीट विचार करणारा पहिला मोठा माणूस मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. विजेच्या जनित्रामागचं तत्त्व यानंच शोधून काढलं, ही ओळख शाळेत झालेली असते. १८५६ साली तो पासष्टीत होता, स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती, आणि या वयात त्यानं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्यावर प्रयोग मांडले. मिठाईवर चांदीचा वर्ख असतो तसा सोन्याचा वर्ख उजेडासमोर धरला तर पलीकडचा उजेड हिरवट दिसतो. वरून पिवळा, आरपार हिरवा. मग त्यानं सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवून त्याच्यावर फॉस्फरसची क्रिया केली, तेव्हा पाणी माणकासारखं लाल झालं. फॅरडेचं म्हणणं असं की, त्या पाण्यात दुसरं तिसरं काही नाही, सोनंच आहे; फक्त त्याचे कण इतके बारीक आहेत की कुठल्याही सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाहीत, आणि रंग बदलतो तो कणांच्या आकारमानामुळे. प्रकाशाची तिरीप त्या लाल पाण्यातून सोडली की तिचा मार्ग उजळलेला दिसे. कवडशात धुळीचे कण दिसतात ना, तसा. एवढ्या पुराव्यावर त्यानं हे सांगितलं. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी रॉयल सोसायटीत त्यानं यावर व्याख्यान दिलं. त्यानं बनवलेल्या लाल द्रवाच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत, आणि रंग उतरलेला नाही.

असं का होतं, त्याचं गणित १९०८ साली गुस्टाव मी या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं. धातूतले काही इलेक्ट्रॉन मोकळे हिंडत असतात. कण लहान असला की प्रकाशाच्या धक्क्यानं ते सगळे मिळून कणात इकडून तिकडे हिंदकळतात, घागरीत पाणी हिंदकळावं तसे. ज्या रंगाच्या प्रकाशाशी त्यांचा ताल जुळतो तो रंग गिळला जातो, उरलेला आपल्याला दिसतो. सोन्याचा बारीक कण हिरवा प्रकाश गिळतो, म्हणून लाल दिसतो.

आता 'बारीक' म्हणजे किती? वीस नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण घेतला, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढा, तर त्यातही सुमारे अडीच लाख अणू असतात. एका जिल्ह्याच्या गावाची वस्ती. एवढ्या गर्दीत कोण कुठं उभा आहे याला महत्त्व नसतं. कण गोल आहे एवढं धरून चाललं की मी महाशयांचं गणित चालतं. पण वस्ती कमी करत नेली तर? अडीच लाखांवरून वीस, वीसवरून आठ, आठवरून चार? चार माणसांच्या बिऱ्हाडात कोण कुणाशेजारी बसतो यावर घराची तऱ्हा ठरते. मोजक्या अणूंच्या अशा समूहाला शास्त्रज्ञ क्लस्टर म्हणतात. आपण अणुपुंज म्हणू.

असे पुंज बाजारात मिळत नाहीत, बरणीत भरूनही ठेवता येत नाहीत. एकमेकांना भेटले की चिकटून मोठे होतात. म्हणून ते निर्वात नळीतून उडत असतानाच पाहावे लागतात. अमेरिकेत बर्कली इथं वॉल्टर नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केलेला प्रयोग या विषयात पायाचा मानला जातो. त्यांनी भट्टीत सोडियम तापवून त्याची वाफ केली, ती आर्गॉन वायूबरोबर एका बारीक छिद्रातून निर्वात जागेत सोडली. वाफ एकदम गार झाली आणि अणू दोन-दोन, पाच-पाच, वीस-वीस असे बिलगले. मग त्या झोताचं वजन केलं. वजन म्हणजे काय, तर पुंजावर विद्युतभार चढवून भार आणि वस्तुमान यांच्या हिशेबानं एकेकाला वेगळं काढायचं. आठ, वीस, चाळीस अणूंचे पुंज शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त संख्येनं सापडले. सोडियमचा प्रत्येक अणू एकेक मोकळा इलेक्ट्रॉन पुंजाच्या सामाईक खात्यात जमा करतो, आणि हे इलेक्ट्रॉन पायऱ्या-पायऱ्यांनी भरत जातात. आठाला, विसाला, चाळिसाला पायरी पूर्ण भरते, म्हणून ते पुंज टिकाऊ.

एखाददुसऱ्या अणूनं असा काय फरक पडतो, असं वाटेल. तुमच्या घरातल्या जुन्या अल्बमला विचारा. कृष्णधवल फोटोच्या फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात. उजेड पडला की त्यांच्यावर चांदीचे मोजके अणू सुटे होऊन एकत्र येतात. डेव्हलपरमध्ये टाकल्यावर तो अख्खा स्फटिक काळी चांदी होतो. पण किती अणू जमले म्हणजे स्फटिक काळा व्हायचा? स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं केलेल्या प्रयोगात ठरावीक अणूंचे चांदीचे पुंज निवडून थेट स्फटिकांवर बसवण्यात आले. १९८५ साली त्याचे निष्कर्ष आले. तीन अणूंपर्यंत काही नाही. चार झाले की स्फटिक काळा होतो. आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोत आजीच्या केसांचा जो काळा रंग आहे, त्याच्या ठिपक्या-ठिपक्याला सुरुवात अशा चार अणूंच्या जमावानं झालेली आहे.

इथवर मोजणी झाली. माझं कुतूहल खरं चाळवलं ते पुढच्या प्रश्नानं. चार अणू आहेत हे वजनानं कळलं. पण ते बसलेत कसे? ओळीनं? चौकोनात? पतंगाच्या आकारात? की तीन खाली, एक वर, अशा तिवईच्या आकारात? सोडियमच्या अणूचं वजन २३ एकक. चारांचे झाले ९२. ओळीत बसा की तिवई करा, तराजूत ९२च भरणार.

वजन तेच आणि घडण निराळी, अशा जोड्यांना रसायनशास्त्रात समघटक म्हणतात, इंग्रजीतून आयसोमर. कल्पना जुनी आहे. १८२०च्या दशकात लीबिग आणि व्हलर या दोन तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी चांदीच्या दोन संयुगांचं पृथक्करण केलं. दोघांचा हिशेब सारखा आला: चांदी, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, प्रत्येकाचं प्रमाण तेच. पण एकाचा पदार्थ शांत आणि दुसऱ्याचा स्फोटक. जमिनीवर आपटल्यावर फट् करून वाजणाऱ्या त्या कागदी पुड्या मुलं दिवाळीत आणतात ना, त्यांच्यात तोच दुसरा पदार्थ अगदी किंचित असतो. लीबिगला आधी वाटलं, व्हलरचं पृथक्करण चुकलं. पुन्हा तपासून पाहिलं तर दोघंही बरोबर. फरक अणूंच्या जोडणीत होता. या भांडणातून दोघांची जन्मभराची मैत्री झाली, आणि स्वीडनच्या बर्झेलिअसनं १८३० साली या प्रकाराला आयसोमर हे नाव दिलं.

आमच्या शाखेच्या पॅनेलवर एक वयस्क सराफ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कर्जदारानं दागिना पुढं केला की अण्णा तराजूला आधी हात लावत नसत. काळ्या कसोटीवर दागिना घासायचे, शेजारी माहितीच्या कसाच्या सुयांनी रेघा ओढायचे, तेजाबाचा थेंब फिरवायचे आणि मान वाकडी करून रेघांचे रंग एकमेकांशी ताडून पाहायचे. एकदा एका बाईंनी थोरल्या मुलाच्या शिक्षणासाठी दोन जोड पाटल्या आणल्या. दोन्ही जोडांचं वजन जवळजवळ सारखं. अण्णांनी एका जोडावर नख वाजवलं, कानाजवळ नेऊन ऐकलं आणि म्हणाले, ''साहेब, हा भरीव आहे, हा लाखेचा. तराजू किती ते सांगतो हो, आत काय ते नाही सांगत.'' बाईंना ते ठाऊक नव्हतं; सासूकडून आलेला जोड होता. अण्णा त्यांना जितक्या हळुवारपणे समजावून सांगत होते, तितक्या हळुवारपणे बोलणं मला जमलं नसतं. कर्ज कमी बसलं, पण मुलाची पहिल्या वर्षाची फी भागली.

अणुपुंजांच्या बाबतीत कसोटीचं काम प्रकाश करतो. पद्धत ऐकून मला आमची रोकड मोजणी आठवली. पुंजांचा झोत नळीतून चालला आहे. शेवटी दर सेकंदाला किती पुंज पोचले त्याची मोजदाद होते. मधेच आडवा लेझरचा किरण सोडायचा, एका ठरावीक रंगाचा. त्या रंगाचा प्रकाश पुंजानं गिळला तर तो तापतो, त्याचा एखादा अणू उडून जातो, आणि तो पुंज मूळ वजनानं पलीकडे पोचत नाही. शिल्लक कमी भरते. तो रंग गिळला गेला नसेल तर शिल्लक जशीच्या तशी. मग रंग थोडा बदलायचा, पुन्हा मोजायचं. लालपासून जांभळ्यापर्यंत असं करत गेलं की कुठल्या रंगाला किती तूट आली याचा आलेख मिळतो, आणि त्यात शिखरं दिसतात. तोच त्या पुंजाचा वर्णपट. बर्कलीच्या गटानं १९८७पासून सोडियमच्या पुंजांवर अशी मोजणी केली.

शिखरांवरून आकार कसा ओळखायचा, हे घरी करून पाहण्यासारखं आहे. गोल परातीत पाणी घेऊन हलवा. कुठल्याही दिशेनं हलवलंत तरी पाणी एकाच तालात हिंदकळतं. आता चहाच्या लांबट ट्रेमध्ये पाणी घ्या. लांबीच्या दिशेनं ते संथ हिंदकळेल, रुंदीच्या दिशेनं भरभर. दोन ताल. पायरी पूर्ण भरलेल्या आठ अणूंच्या सोडियम पुंजाचा इलेक्ट्रॉन-समूह गोल असतो, त्याच्या वर्णपटात निळसर हिरव्या प्रकाशापाशी, सुमारे अडीच इलेक्ट्रॉन व्होल्टला, एक ठळक शिखर मिळतं. पायरी अर्धवट भरलेले पुंज लांबट किंवा चपटे होतात आणि त्यांचं शिखर दुभंगतं.

चार अणूंपाशी मात्र पराती आणि ट्रे पुरत नाहीत. तिथं खरंखुरं पुंजयांत्रिकीचं गणित करावं लागतं. बर्लिनमध्ये व्लास्ता बोनाचिच-कौतेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार सोडियम अणूंच्या निरनिराळ्या मांडण्या कागदावर घेतल्या, आणि प्रत्येक मांडणी कुठल्या रंगाचा प्रकाश किती गिळेल याचा हिशेब केला. त्याच सुमारास अमेरिकेत मानफ्रेड काप्पेस यांच्या गटानं प्रत्यक्ष मोजणी केली. १९९० साली दोन्ही आलेख शेजारी-शेजारी आले. जुळला तो पतंगाच्या आकाराचा, सपाट समभुज चौकोन. मला तिवईची आशा होती. एकमेकांना बिलगायला तिवईत जास्त वाव, प्रत्येकाला तीन शेजारी. पण इलेक्ट्रॉन जोडीनं राहतात. चारांची पहिली जोडी मधोमध बसते, दुसऱ्या जोडीला पसरायला एक दिशा लागते. तिवईत सगळ्या दिशा सारख्या, निवडीला जागा नाही. मग ती मोडते, सपाट होते, आणि लांबट पतंगात दुसऱ्या जोडीची सोय लागते.

यात एक गोम आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रकाश आपण होऊन आकार सांगत नाही. तो आलेख देतो. आकार आपण सुचवायचा, त्याचा आलेख गणितानं काढायचा आणि ताडून पाहायचा. म्हणजे ओळखपरेडच ही. खरा माणूस रांगेतच उभा नसेल तर साक्षीदार त्यातल्या त्यात जवळच्या चेहऱ्याकडे बोट दाखवील. चार अणूंच्या रांगेत उभे करायला आकार मूठभर. तेरा अणूंचं काय? अणूंमधल्या ओढीचं अगदी साधं प्रतिमान घेतलं तरी तेरा अणूंना स्थिर बसता येईल अशा मांडण्या दीड हजाराच्या आसपास निघतात. शिवाय पुंज गरम असला की तो एका आकारावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि आलेखातली शिखरं एकमेकांत मिसळून नुसता उंचवटा उरतो. जर्मनीत फ्रायबुर्ग इथं हेल्मुट हाबरलांड यांच्या गटानं १९९५ साली सोडियमचे पुंज गार करून पाहिले, तेव्हा त्या उंचवट्याच्या जागी सुटी सुटी शिखरं उभी राहिली. साक्षीदाराचा चष्मा पुसल्यासारखं झालं.

दुसरी शंका गणिताबद्दल. जुळणी गणिताशी करायची, पण गणितच कच्चं असेल तर? याचं उदाहरण शोधायला बर्लिनला जायला नको, पुणे आणि पवई पुरेत.

धातू ॲल्युमिनिअम. आपल्या स्वयंपाकघरातल्या पातेल्याचा. २००३ साली पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातले डी. जी. कान्हेरे, एम. डी. देशपांडे आणि त्यांचे दोन सहकारी यांनी दोन ते तेरा अणूंच्या ॲल्युमिनिअम पुंजांचे वर्णपट गणितानं काढून प्रसिद्ध केले. २०१४ साली मुंबईच्या आयआयटीतल्या रवींद्र शिंदे आणि आलोक शुक्ला यांनी दोन ते पाच अणूंच्या पुंजांचे वर्णपट काढले, प्रत्येकाचे वेगवेगळे समघटक घेऊन. तीन अणूंसाठी समभुज त्रिकोण, समद्विभुज त्रिकोण आणि सरळ रेघ, चारांसाठी समभुज चौकोन आणि काटकोनी चौरस, असे. दोन्ही ठिकाणचे आलेख ताडून पाहिले, तर त्यांच्यात बराच फरक निघाला.

कारण पद्धत वेगळी. मी ते माझ्या भाषेत सांगतो. भौतिकीच्या प्राध्यापकांनी राग मानू नये. पुण्याची पद्धत जनरल लेजरवरून ताळा घेण्याची. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग न ठेवता एकूण इलेक्ट्रॉनांची दाटी कुठं किती, त्यावरून हिशेब. काम झपाट्यानं होतं, म्हणून तेरा अणूंपर्यंत जाता येतं. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत, सांभाळून घेत जे वागतात, त्याचा हिशेब ठोकताळ्यानं धरावा लागतो. पवईची पद्धत व्हाउचर तपासण्याची. इलेक्ट्रॉनांनी कुठकुठल्या जागा कशा वाटून घेतल्या असतील, त्या एकेका वाटणीची नोंद करायची आणि सगळ्यांची मिळून बेरीज. अशा वाटण्या बघता बघता लाखांत जातात. म्हणून पाच अणूंवर थांबावं लागतं. ज्यानं मार्चअखेरीचं ऑडिट केलं आहे त्याला या दोन पद्धतींतली ओढाताण समजावून सांगायला नको. सगळी व्हाउचरं तपासत बसलात तर वर्ष सरतं. लेजरवर विसंबलात तर एखादी नोंद हुलकावणी देते.

खरं कोण, हे ठरवायला प्रयोग हवा. पवईच्या शोधनिबंधात तुलनेला घेतलेली प्रायोगिक माहिती दोन आणि तीन अणूंची आहे, आणि तिथं त्यांची मुख्य शिखरं प्रयोगाशी चांगली जुळली. याचा अर्थ पुण्याचं काम वाया गेलं असा कुणी काढू नये. तेरा अणूंपर्यंतची वाट आधी कुणीतरी तुडवलेली असते, म्हणून पुढचा माणूस कुठं खड्डा आहे ते दाखवू शकतो. लीबिग आणि व्हलरची गोष्ट मला इथं आठवली. फक्त यांच्यात भांडण नव्हतं. अकरा वर्षांचं अंतर आणि मधे खंडाळ्याचा घाट.

पण अणू कसे बसलेत याची एवढी उठाठेव कशाला? सोन्याकडे परत येऊ या. सोनं गंजत नाही, कशाशी फारसं बोलत नाही, म्हणून तर आपण ते तिजोरीत ठेवतो. जपानमध्ये मासाताके हारुता यांनी १९८७ साली दाखवलं की धातूंच्या ऑक्साइडवर सोन्याचे नॅनोमीटरच्या मापाचे कण बसवले, तर ते विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करून टाकतात, तेही शून्याच्या खालच्या तापमानात. तिजोरीतला आळशी धातू लहान झाल्यावर कामाला लागला. हे काम कणाचे कोपरे आणि कडा करतात असं दिसतं, म्हणून कुठला अणू कोपऱ्यावर आणि कुठला आत, हा प्रश्न आता नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही.

सोन्याच्या पुंजांचा स्वभावही तऱ्हेवाईक. सोन्याच्या अणुगर्भात ७९ प्रोटॉन. त्यांच्या ओढीनं सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगानं फिरतात, आणि आइनस्टाइनच्या सापेक्षतेचे नियम तिथं लागू होतात. सोनं चांदीसारखं पांढरं न दिसता पिवळं दिसतं ते यामुळेच. म्हणजे आपल्या बायकांच्या गळ्यात सापेक्षतावाद पिढ्यान्‌पिढ्या रुळतो आहे. याच कारणानं सोन्याचे छोटे पुंज सपाट राहायला बघतात. ऋणभारित पुंज अकरा-बारा अणूंपर्यंत पापडासारखे सपाट असतात, असं २००२ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या प्रयोगात दिसलं. तिथं साक्षीदार प्रकाश नव्हता, पुंज हेलियम वायूतून ढकलून कोण किती अडखळतो ते पाहिलं होतं. एका साक्षीदारावर भागवू नये, हा धडा या मंडळींना आमच्या कर्जवसुली खात्यापेक्षा लवकर कळला.

वीस अणूंपाशी मात्र नवल घडतं. २००३ साली अमेरिकेत लाय-शेंग वांग यांच्या गटानं वीस अणूंच्या ऋणभारित सोन्याच्या पुंजावर लेझर टाकून त्यातून उडणारे इलेक्ट्रॉन किती ऊर्जेनं बाहेर पडतात ते मोजलं, आणि गणिताशी ताडून सांगितलं की हा चार त्रिकोणी बाजूंचा मनोरा आहे. फळवाला मोसंब्यांचा तिकोनी ढीग रचतो तो डोळ्यांसमोर आणा: खाली दहा, त्याच्यावर सहा, मग तीन, शिखरावर एक. बेरीज करून पाहा, वीस. यातलं एकही मोसंबं पुरतं आत दडलेलं नाही. ढीग उचलून फिरवला तर विसांपैकी प्रत्येक कुठून ना कुठून बाहेरून दिसतं. आणि कोपरे चार.

पण हे मोजमाप विद्युतभार असलेल्या पुंजाचं. भार नसलेला, साधा पुंजही असाच असतो का? त्यासाठी २००८ सालापर्यंत थांबावं लागलं. नेदरलँड्समधल्या एका विशेष लेझरच्या अवरक्त प्रकाशात, डोळ्यांना न दिसणाऱ्या लाल पलीकडच्या उजेडात, शास्त्रज्ञांनी सोन्याच्या पुंजांची थरथर मोजली. सात अणूंचा पुंज सपाट निघाला. वीस अणूंचा तोच मनोरा. आणि एकोणीस अणूंचा पुंज म्हणजे तोच ढीग, फक्त कोपऱ्यावरचं एक मोसंबं गिऱ्हाइकानं उचलून नेलेलं.